उपाशीपोटी म्हणजे नेमके केव्हा?

थायरॉईडची गोळी लिहून देताना रुग्णाला बहुधा एवढेच सांगितले जाते की ती रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावी. ही सूचना चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. कारण उपाशीपोटी म्हणजे गोळीच्या आधी किती वेळ आणि नंतर किती वेळ, चहा खाण्यात धरायचा की नाही, आणि घरात रक्तवाढीच्या, कॅल्शियमच्या किंवा पित्ताच्या गोळ्याही चालू असतील तर त्यांचे काय करायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तीत मिळत नाही. बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगावसारख्या गावात तर घराचे खाणेपिणे साखर कारखान्याच्या पाळ्या, ऊसतोडीचे स्थलांतर, रात्रीच्या विजेवर पिकाला द्यावे लागणारे पाणी आणि उपवासाचे वार यांच्या तालावर चालते, त्यामुळे शहरातल्या नोकरदाराच्या दिनक्रमावरून बेतलेला सल्ला तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही. या गोळीचे खरे नियम दोनच आहेत: ती पोहोचेल तेव्हा पोट रिकामे असावे, आणि जी वेळ एकदा धरली ती रोज पाळली जावी. ती वेळ पहाटेचीच असली पाहिजे असे शरीराचे काही म्हणणे नाही.

थायरॉईड ही ग्रंथी, जिला मराठी पाठ्यपुस्तकांत अवटू ग्रंथी म्हणतात, गळ्याच्या पुढच्या भागात घाटीच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असते आणि अन्नातून मिळणारे आयोडीन वापरून ती दोन संप्रेरके तयार करते. संप्रेरक म्हणजे एका ठिकाणी तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवांना कामाचा वेग ठरवून देणारे रसायन. या दोहोंपैकी बहुतांश वाटा थायरॉक्सिनचा असतो, ज्याला तपासणीच्या अहवालात टी-४ असे लिहितात, आणि शरीराच्या पेशी गरजेप्रमाणे त्यातला आयोडीनचा एक अणू काढून त्याचे अधिक जोमदार असे टी-३ बनवून घेतात. ग्रंथी मंदावली की थकवा, अंग जड वाटणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, आवाज घोगरा होणे, पाळीत जास्त रक्तस्राव होणे अशी लक्षणे हळूहळू दिसू लागतात आणि ती इतकी हळू येतात की पुष्कळदा वयाच्या किंवा कष्टाच्या खात्यावर टाकली जातात. थायरॉक्सिन कमी पडू लागले की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच हे आपले संप्रेरक वाढवून थायरॉईडला कामाला लावण्याचा प्रयत्न करते. म्हणूनच अहवालात टीएसएच वाढलेले असेल तर त्याचा अर्थ थायरॉईड जास्त काम करते असा नसून ती कमी पडते असा असतो. प्रौढांमध्ये टीएसएच साधारणपणे ०.४ ते ४ या पट्ट्यात असावे असे मानले जाते, प्रयोगशाळेनुसार हे आकडे थोडे बदलतात.

भारतात हा विकार विरळ नाही. मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांमध्ये थायरॉईड मंद असल्याचे आढळले. ती पाहणी शहरांची होती, खेड्यांची नव्हती, हे लक्षात ठेवूनही तिने दाखवलेली एक गोष्ट मराठवाड्याच्या दृष्टीने नोंदवण्याजोगी आहे: किनाऱ्यापासून आत असलेल्या शहरांत हे प्रमाण किनारी शहरांपेक्षा जास्त निघाले. आयोडीनयुक्त मीठ सर्वत्र पोहोचल्यानंतर आज ग्रंथी मंदावण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे हाशिमोटो विकार, ज्याचे पहिले वर्णन हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यवैद्याने १९१२ साली केले आणि ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. अशा रुग्णाने मीठ वाढवून उपयोग होत नाही, कारण तेथे कच्च्या मालाची वाण नसते, तर तो वापरणारी ग्रंथीच झिजत चाललेली असते.

बाहेरून संप्रेरक देण्याचा मार्ग १८९१ साली उघडला, जेव्हा इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका स्त्रीवर उपचार केले, आणि ती स्त्री त्यानंतर २८ वर्षे जगली. पुढे १९१४ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले, चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ साली त्याची रासायनिक रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. आज एल्ट्रॉक्सिन, थायरोनॉर्म, थायरॉक्स अशा नावांनी मिळणाऱ्या गोळीत असते ते लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे शरीर स्वतः बनवते तेच रसायन. गोळीची सवय लागते या समजुतीला त्यामुळे काही आधार नाही. ग्रंथी कायमची झिजलेली असेल तर गरज आयुष्यभर राहते आणि गोळी ती भागवते, एवढेच.

गोळी कशी घ्यावी हा प्रश्न इतका नाजूक का, हे तिच्यातल्या औषधाचे वजन पाहिले की कळते. मोठ्या माणसाची ग्रंथी पूर्ण थांबलेली असेल तर शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला जवळपास १०० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशेबाने वर्षभराचे सगळे औषध एकत्र केले तरी ते साडेछत्तीस मिलिग्रॅम भरते, चिमूटभर मिठाहून कितीतरी कमी. इतक्या अल्प मात्रेत थोडाफार फरकही अहवालात उमटतो, म्हणून तर ही गोळी १२.५ पासून २५, ५०, ७५, ८८, १००, ११२, १२५ अशा जवळजवळच्या मात्रांमध्ये बनवली जाते.

गिळलेल्या गोळीतले सगळे औषध रक्तात जात नाही. जठरातल्या आम्लात ती विरघळते आणि लहान आतड्यातून साधारण ६० ते ८० टक्के थायरॉक्सिन शोषले जाते. हे काम मुख्यतः पहिल्या दोन-तीन तासांत होते आणि त्या वेळी पोटात दुसरे काही असेल तर त्याचा अडथळा होतो. कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम यांच्याशी थायरॉक्सिन जोडले जाते आणि मग आतड्याच्या भिंतीतून आत न शिरता विष्ठेवाटे बाहेर पडते. दुधात कॅल्शियम असते, म्हणून दूध अडथळा करते. कॉफीबरोबर गोळी घेतल्यास शोषण घटते हे प्रयोगांतून दिसले आहे. सोयाबीनच्या प्रथिनांचीही तशीच नोंद आहे. चहावर कॉफीइतका अभ्यास झालेला नसला तरी आपल्याकडचा चहा म्हणजे दूध, साखर आणि बरोबर बहुधा बिस्किट किंवा चपाती, त्यामुळे त्याला खाण्यातच धरणे शहाणपणाचे. कोऱ्या चहालाही वेगळी सवलत न देणे बरे. गोळीसोबत फक्त साधे पाणी असावे, तेही घोटभर नव्हे तर पेलाभर. लिंबू-मधाचे पाणी, मेथीचे पाणी, काढा असे पहाटेचे प्रकार ज्यांच्या अंगवळणी पडले आहेत त्यांनी ते गोळीनंतर तासाभराने घ्यावेत. इसबगोलसारखे तंतुमय पदार्थही तिच्यापासून दूरच ठेवलेले बरे.

वेळेचा प्रश्न संशोधकांनी प्रत्यक्ष मोजून पाहिला आहे. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांना तीन पद्धतींनी आळीपाळीने गोळी दिली गेली, तेव्हा सकाळी उपाशीपोटी घेतल्यास टीएसएचची सरासरी सुमारे १.०६, झोपताना घेतल्यास २.१९ आणि न्याहारीबरोबर घेतल्यास २.९३ आली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील अभ्यासाने वेगळे चित्र दाखवले: ९० रुग्णांना तीन महिने सकाळी आणि तीन महिने झोपताना गोळी दिली असता झोपतानाच्या गोळीनेच टीएसएच अधिक खाली आले, मात्र रुग्णांना स्वतःला काही विशेष फरक जाणवला नाही. या दोहोंतील विसंगतीने गोंधळून जाण्याचे कारण नाही. गोळी नेमकी कशी आणि शेवटच्या जेवणानंतर किती वेळाने दिली गेली यावर असे निकाल फिरतात, आणि न्याहारीबरोबरची गोळी सर्वांत अनिश्चित ठरते ही बाब कोणी खोडून काढलेली नाही. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शनाने म्हणूनच दोन्ही वेळा मान्य केल्या: न्याहारीच्या तासभर आधी, किंवा रात्री झोपताना, पण शेवटच्या जेवणानंतर निदान तीन तासांनी. न्याहारीपूर्वी तासभर थांबणे शक्यच नसेल तर अर्धा तास ही शेवटची तडजोड.

तेलगावच्या घरात हा दुसरा पर्याय वरवर सोपा वाटतो, प्रत्यक्षात तो बहुतेकांना जमणारा नाही. दिवसभर शेतात राबलेला माणूस आठ-साडेआठला जेवतो आणि नऊ-साडेनऊला आडवा होतो. त्याने झोपताना गोळी घेतली तर ती भाकरी, पिठले आणि दुधाच्या वाटीवरच जाऊन पडते. संध्याकाळी सहाला जेवून दहाला झोपणाऱ्या देशातला निष्कर्ष इथे उचलून आणायचा तर जेवणाची वेळही बरोबर आणावी लागेल. उलट गावातल्या बहुसंख्य स्त्रिया सगळ्यांच्या आधी उठतात आणि सगळ्यांच्या नंतर खातात, त्यामुळे उठल्याबरोबरची गोळी हाच त्यांच्यासाठी सहज पर्याय आहे. अडचण एकच, ती म्हणजे पहिला चहा.

कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट वेगळी. तेलगावच्या सुंदरनगरातील लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांत गाळपाच्या हंगामात काम रात्रंदिवस चालते आणि पाळी बदलली की उठण्या-झोपण्याच्या वेळाही उलटतात. अशा कामगाराने घड्याळाच्या काट्याशी गोळी बांधून घेतली, तर एका आठवड्यात ती रिकाम्या पोटी आणि दुसऱ्या आठवड्यात जेवणानंतर घेतली जाईल, आणि तपासणीत टीएसएच वरखाली होताना दिसले की डॉक्टर मात्रा बदलतील, जिची मुळात गरज नव्हती. त्याने तासाऐवजी क्रम धरावा: झोपेतून उठल्यावर, मग ते सकाळी असो वा दुपारी, आधी गोळी आणि तासाभराने चहा. गोळी चार-सहा तास पुढेमागे झाल्याने बिघडत नाही, कारण थायरॉक्सिन रक्तात फार सावकाश कमी होते; त्याचा निम्मा साठा संपायला जवळपास सात दिवस लागतात. पोट भरलेले असताना घेतल्याने मात्र बिघडते.

खरी कसोटी ऊसतोड कामगारांच्या घरांत लागते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना मिळून एक कोयता म्हणतात, धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत राहतात. तिथे बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते, पाणी भरते, चूल पेटवते, दोन्ही वेळच्या भाकरी थापून कालवण करते आणि उजाडायच्या आत फडावर हजर होते. मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहणे आणि गाडी भरणे यांत दिवस जातो, आणि गाडी रात्री उशिरा लागली तर रात्रीही. एका दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जातात, त्यामुळे दवाखान्याची फेरी पुढे ढकलली जाते. या वेळापत्रकात गोळीसाठी वेगळा तास काढणे अशक्य आहे, पण तो काढावा लागतही नाही. गोळ्यांची बाटली चुलीजवळच्या काडेपेटीच्या डब्यात नव्हे, तर रात्री भरून ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याजवळ ठेवली आणि उठल्याबरोबर, चूल पेटवण्याआधी, गोळी घेऊन मोकळे झाले, तर भाकरी थापून होईपर्यंत पाऊण तास ते तासभर आपोआप निघून जातो. चहा मात्र भाकरीच्या आधी न ठेवता नंतर ठेवावा लागतो. बदल म्हटला तर एवढाच, आणि पहाटेच्या गारठ्यात तो लहान नाही हेही मान्य केले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा आहे तो उपचाराचा मुहूर्त. थायरॉक्सिनची पातळी स्थिर व्हायला पाच आठवड्यांच्या आसपास काळ लागतो, म्हणून मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करू शकते. दसऱ्याला पहिली गोळी सुरू झाली तर मात्रा बरोबर आहे की नाही हे पाहण्याची वेळ नेमकी हंगामाच्या भरात, गावापासून शेकडो किलोमीटरवर येते आणि बहुधा टळते. आषाढात निदान होऊन गोळी सुरू झाली तर पहिली तपासणी भाद्रपदात आणि गरज पडल्यास दुसरी निघण्याच्या सुमारास होऊ शकते, म्हणजे टोळीबरोबर जाताना मात्रा बसलेली असते. अनेक कंपन्यांची गोळी शंभराच्या बाटलीत मिळते. दोन बाटल्या म्हणजे दोनशे दिवस, एका हंगामाला पुरून उरतील इतके. फडाजवळच्या गावात त्याच मात्रेची, त्याच कंपनीची गोळी मिळेलच असे नाही, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या गोळ्यांच्या शोषणात थोडा फरक असू शकत असल्याने मध्येच कंपनी बदलणे टाळावे, बदललीच तर सहा आठवड्यांनी तपासून घ्यावे. लांबच्या प्रवासात गोळ्या सुटतच असतील तर काही रुग्णांना आठवड्याची मात्रा एकाच दिवशी देण्याची पद्धत अभ्यासली गेली आहे, परंतु ती हृदयविकार असलेल्यांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी नाही, आणि कोणीही ती आपल्या मनाने करू नये.

याच स्त्रियांसंबंधी एक गोष्ट येथे नोंदवणे अस्थानी होणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीतील अतिरक्तस्रावामागे अनेक कारणे असतात आणि मंद थायरॉईड हे त्यांतले एक, गोळीने आटोक्यात येणारे कारण आहे. थकवा, थंडी, सूज अशी सोबतची लक्षणे असतील तर कोणत्याही शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी टीएसएच पाहून घेण्याइतका विवेक वैद्यकाने दाखवायला हवा.

रक्तस्राव जास्त म्हणजे पंडुरोग, आणि पंडुरोग म्हणजे लोहाची गोळी. आशा कार्यकर्ती घरोघर देते ती लोह व फॉलिक ॲसिडची गोळी आणि थायरॉईडची गोळी एकत्र घेतली जाणे ही ग्रामीण भागात सहज घडणारी आणि सहज टाळता येणारी चूक आहे, कारण ‘सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या की विसरत नाहीत’ हा हिशेब इतर औषधांना चालतो, इथे चालत नाही. लोह आणि थायरॉक्सिन यांत निदान चार तासांचे अंतर असावे, कॅल्शियमचेही तसेच. गरोदरपणात शासकीय कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी १८० दिवस आणि कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा दिली जाते. शिवाय लोह आणि कॅल्शियम हेही परस्परांना अडवतात, म्हणून त्यांतही दोन तासांची फारकत ठेवावी लागते. हे सगळे बसवायचे तर दिवस असा मांडता येतो: पहाटे पाचला थायरॉक्सिन, सहानंतर चहा, दुपारी बाराच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, चारच्या सुमारास लोह आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी. आशा कार्यकर्तीला आपल्याला थायरॉईडची गोळी चालू आहे हे सांगून ठेवले तर पुढचे नियोजन तीही करून देऊ शकते.

गरोदरपणात एवढ्यावर भागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारे थायरॉक्सिन आईकडूनच येते आणि आईची गरज पाव ते निम्म्या पटीने वाढते. म्हणून गोळी चालू असलेल्या स्त्रीची पाळी चुकली की नोंदणीची किंवा ‘आधी खात्री होऊ द्या’ची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायला सांगण्याची पद्धत अनेक तज्ज्ञ वापरतात, ती मूल होण्याचा विचार असतानाच विचारून ठेवलेली बरी. गरोदरपणात गोळी बाळाला उष्ण पडेल या भीतीने ती बंद करणे हा सर्वांत घातक उपाय होय. बाळंतपणानंतर मात्रा पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आणली जाते.

पित्ताच्या गोळीचा प्रश्न याहून अवघड, कारण तो अंतर ठेवून सुटत नाही. पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल यांसारखी औषधेही सकाळी उपाशीपोटीच घ्यायला सांगितलेली असतात आणि दोन्ही गोळ्या एका घोटात जातात. पण ही औषधे जठरातले आम्ल दिवसभर कमी ठेवतात, त्यामुळे ती रात्री घेतली तरी थायरॉक्सिनची गोळी नीट विरघळण्यातली अडचण राहतेच. अशा रुग्णाने पित्ताची गोळी सुरू केली किंवा बंद केली की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पाहून मात्रा जुळवून घ्यायची असते. ॲल्युमिनियम असलेली पातळ पित्तशामके आणि सुक्राल्फेट यांना मात्र चार तासांचा नियम पुरतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि फिटांवरील फेनिटॉइन शरीरातल्या थायरॉक्सिनचा निचरा वेगाने करतात, त्यामुळे ती सुरू करणाऱ्या डॉक्टरांना थायरॉईडची गोळी चालू आहे हे माहीत असणे आवश्यक आहे.

सोयाबीन हे आता मराठवाड्याचे प्रमुख नगदी पीक असल्याने त्याबद्दलची भीतीही गावोगाव पोहोचली आहे. अडथळा करतात ती सोयाबीनची प्रथिने, म्हणजे सोयाचे पीठ, सोयावडी आणि सोयादूध. तेलात प्रथिने जवळजवळ नसतातच, तेव्हा घरातले सोयाबीन तेल बदलण्याची गरज नाही. सोयावडीची भाजीही वर्ज्य नाही, ती गोळीच्या वेळेपासून चार तास दूर असली म्हणजे झाले. पानकोबी-फुलकोबीबद्दल जे सांगितले जाते ते गोळी घेणाऱ्याने फारसे मनावर घेऊ नये, कारण या भाज्यांचा आरोप ग्रंथीच्या कामावर आहे, गोळीच्या शोषणावर नाही.

उपवासाच्या दिवशी गोळी सोडण्याची प्रथा मात्र मनावर घेण्यासारखी आहे. एकादशीला किंवा हरतालिकेला एक दिवस गोळी चुकली तर वर सांगितलेल्या सात दिवसांच्या हिशेबामुळे शरीराला ते जाणवतही नाही. नवरात्रात नऊ दिवस चुकल्या तर निम्म्याहून अधिक साठा ओसरतो. गोळीला लागते ते पाणी आणि पाणी तर बहुतेक उपवासांना चालते. किंबहुना उपवासाची सकाळ हीच गोळीसाठी सर्वांत अनुकूल सकाळ, फक्त दूध आणि साबुदाण्याची खिचडी तासभर लांब असावी. एखाद्या दिवशी विसर पडला आणि आठवण चहानंतर झाली, तर दुपारच्या जेवणाआधी पोट रिकामे असताना गोळी घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात का, याविषयी हृदयविकार नसलेल्यांना काही डॉक्टर होकार देतात, म्हणून आपल्या डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवणे चांगले.

गोळी चुकवणे जसे वाईट तसे ती जास्त घेणेही. वजन उतरावे म्हणून किंवा थकवा लवकर जावा म्हणून मात्रा वाढवणाऱ्यांना छातीत धडधड, हातांना कंप, झोप न लागणे असे त्रास होतात, आणि दीर्घकाळ जास्त मात्रा घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा व पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना म्हणूनच १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून सावकाश वाढवतात, आणि टीएसएच किंचितच वाढलेले असेल तर प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही. मात्रा एकदा बसली की वर्षातून एक-दोनदा तपासणी पुरते. तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यानंतर गोळी घ्यावी, विशेषतः टी-४ पाहायचे असेल तर. आणि केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतले बायोटिन हे काही यंत्रांवरच्या मोजणीत गोंधळ करते, म्हणून ते निदान दोन दिवस आधी थांबवावे.

राहिला ठेवण्याचा प्रश्न. थायरॉक्सिन उष्णता, उजेड आणि ओल यांनी खराब होते आणि बीड जिल्ह्यातला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या घरात खिडकीच्या फळीवर, चुलीच्या कोनाड्यात किंवा न्हाणीघरात ठेवलेली बाटली मुदत संपण्याच्या आधीच आपले काम कमी करू लागते, आणि गोळी दिसायला जशीच्या तशी असल्याने तसा संशयही येत नाही. गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, घरातल्या सर्वांत थंड व अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवाव्यात, सगळ्या एकदम काढून पुरचुंडीत बांधू नयेत. बाटलीवरचा मात्रेचा आकडा दर वेळी दुकानातच वाचून घ्यावा, कारण २५ आणि १२५ यांच्या बाटल्या एकाच कंपनीच्या असल्या तर पुष्कळशा सारख्याच दिसतात.